कड शाबूत, पोट तडकलेलं: आंब्याच्या एका पातळ वाडग्याचं प्रकरण

हा वाडगा मी फेकून दिलेला नाही. आंब्याच्या ओल्या लाकडाचा, २२० मिलिमीटर रुंद, ८५ मिलिमीटर खोल. कड इतकी पातळ की खिडकीशी धरली तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते. त्या कडेला काहीही झालेलं नाही. तडा आहे तो बराच खाली, वाडगा जाड होत जातो तिथे. ज्या जागेची आम्हाला काळजीच नव्हती, तीच जागा गेली.

पातळ वाडगा तडकला की दोष हवेला किंवा लाकडाला देऊन मोकळं होता येतं. मुंबईचा पावसाळा, आंब्याचं लाकूड, आणखी काय होणार! आम्हीही आधी असंच बोलत होतो. नंतर मोजमाप केलं तेव्हा वेगळंच निघालं. जो कोणी घरी लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कातायच्या यंत्रावर, ओलं लाकूड कातू पाहतो त्याला ते उपयोगी पडेल, म्हणून घडलं तसं सगळं लिहिते आहे.

मामा आणि त्यांचा लेथ

मामा मूळचे सावंतवाडीकडचे. लहानपणी चितारआळीत कारागिरांसमोर तासन्‌तास उभे राहायचे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि रंग लाकडावर चढत जातो. ते दृश्य ते अजून हातवारे करून सांगतात. पण त्यांच्या वाट्याला आला तो लोखंडाचा लेथ. आयटीआय करून १९८० साली ते परळच्या एका गिरणीच्या वर्कशॉपात टर्नर म्हणून लागले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यांचं ते काम कायमचं गेलं. पुढची वर्षं ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, बुश, शाफ्ट आणि पुल्या कातण्यात गेली. मिलिमीटरचा शंभरावा भाग हे त्यांचं रोजचं माप होतं.

निवृत्तीनंतर त्यांनी लाकडाचा लेथ घेतला. बारा इंची जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, फिरेल एवढा, पाऊण हॉर्सपॉवरची मोटर, वेग बदलायचा तर पट्टा एका पुलीवरून दुसऱ्या पुलीवर सरकवायचा. जॉब पकडून ठेवणारा चार जबड्यांचा चक आणि गोल पटाशा नागदेवी स्ट्रीटच्या फेऱ्या मारून जमवल्या. मुलुंडला त्यांचं तळमजल्यावरचं घर आहे. मागच्या बंद गॅलरीत लेथ बसवलाय. शेजारच्या आजींची दुपारची झोप मोडू नये म्हणून वेळ ठरलेली आहे: सकाळी दहा ते एक, संध्याकाळी चार ते सात. ही वेळ या प्रकरणात महत्त्वाची आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि तीन वर्षांपासून दर रविवारी मामांकडे कातकाम शिकायला जाते. आधी लाटणी, मग डबीची झाकणं, मग जाड वाडगे. हा आमचा पहिला पातळ वाडगा होता.

लाकूड

जूनअखेरच्या वाऱ्यात सोसायटीच्या आवारातल्या आंब्याची एक मोठी फांदी खाली आली. जाडी फुटापेक्षा थोडी जास्त. उभं झाड किंवा फांदी छाटायची असती तर १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार पालिकेची परवानगी लागली असती. इथे फांदी आपोआप पडलेली, आणि सोसायटीला ती आवारातून हलवायचीच होती. मामांनी सेक्रेटरींना विचारून तिचे चार तुकडे घरी आणले. त्याच संध्याकाळी त्यांनी तुकड्यांच्या दोन्ही टोकांना मेण वितळवून लावलं. लाकडातलं पाणी रेषेच्या (लाकडाच्या तंतूंच्या) दिशेनं, म्हणजे टोकांतून, आडव्या दिशेपेक्षा दहा-पंधरा पट वेगानं निघून जातं. टोकं उघडी ठेवली तर दोन दिवसांत सूर्यकिरणांसारख्या चिरा पडतात.

प्रत्येक तुकडा मधोमध उभा चिरून त्यातला मऊ गर काढून टाकला. गराभोवतीची वर्तुळं सगळ्यात लहान असतात आणि वाळताना तिथेच ताण येतो. गर वाडग्यात राहिला तर बाकी कितीही काळजी घ्या, तो फाटतोच.

आंबा तसा सोसणारा आहे. ओला असताना पटाशीखाली लोण्यासारखा जातो, लांब ओल्या ढलप्या खांद्यावरून उडतात, गॅलरीभर आंबूस-गोड वास पसरतो. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडा होईपर्यंत तो वर्तुळांच्या दिशेनं साधारण साडेपाच टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीच्या दिशेनं साधारण साडेतीन, आणि रेषेच्या लांबीत जवळजवळ शून्य. हे तीन आकडे वेगळे आहेत म्हणूनच ओल्या लाकडाचा गोल वाडगा वाळल्यावर गोल राहत नाही. तो अंडाकृती होतो, कड थोडी वरखाली होते. पातळ वाडग्यात ते रूप मला फार आवडतं. आपण झाडाला गोल केलं आणि झाडानं त्यात आपलं थोडं म्हणणं घातलं, असं वाटतं.

त्या रविवारी काय केलं

जुलैचा दुसरा रविवार. गॅलरीतल्या आर्द्रतामापकावर ८६ टक्के. दहा वाजता फेस प्लेटवर, म्हणजे लेथच्या फिरत्या चकतीवर, जॉब चढवला. सुरुवातीला ओबडधोबड लाकूड असमतोल असतं, म्हणून वेग मिनिटाला पाचशे फेऱ्यांच्या आसपास. गोल झाल्यावर बाहेरचा आकार काढला, बुडाला चकात धरण्यासाठी ५० मिलिमीटरची खुंटी ठेवली, जॉब उलटा करून चकात घेतला आणि आतून कोरायला लागलो. एक वाजता भिंत साधारण दहा मिलिमीटर होती. लेथ बंद, हात धुतले, जेवायला बसलो.

वाडगा चकातच होता. डोक्यावर पंखा.

चार वाजता पुन्हा सुरू केलं तेव्हा कड किंचित लचकत फिरत होती. मामा म्हणाले, "चक नीट बसला नसेल." घट्ट केला. लचक राहिली, पण आतून नवा कट घेतल्यावर आतली बाजू साफ गोल फिरू लागली, तेव्हा आम्ही निश्चिंत झालो. बाहेरून नऊ वॉटचा एलईडी दिवा लावला. ओलं फिकट लाकूड तीन मिलिमीटरच्या आसपास आलं की प्रकाश आरपार यायला लागतो, आधी लालसर, मग नारिंगी, मग मधासारखा. होनोलुलूचे रॉन केंट हे पेशानं शेअर दलाल होते आणि हौसेतून नॉरफोक पाइनचे असे प्रकाश झिरपणारे वाडगे करत जगभर नावाजले गेले. त्यांच्या वाडग्यांची पारदर्शकता वारंवार तेलात भिजवण्यातून आणि घासण्यातून येते. आमची नुसती ओलाव्याची होती, वाळल्यावर निम्मी जाणारी. तरी ती मधाची कड फिरताना पहिल्यांदा पाहिली तेव्हा आम्ही दोघंही काही बोललो नाही.

शेवटचा तास मामांनी त्यांच्या पद्धतीनं काम केलं. लोखंडात आधी सगळीकडे रफ कट घ्यायचा, अंगावर थोडं मटेरियल ठेवायचं, आणि शेवटी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच फिनिशिंग कट. त्यांनी कडेपासून सुरुवात केली, अर्ध्यापर्यंत खाली आले, मग कडेवर एक हलकी रेघ दिसली म्हणून परत वर गेले. कड थरथरली, टर्रर्र असा आवाज आला, त्यांनी बाहेरून बोटांचा आधार दिला आणि ती रेघ काढली. सात वाजले. खालचा भाग जाडच राहिला होता. "बूड पुढच्या रविवारी," ते म्हणाले. वाडगा चकातून काढला, वजन केलं: ३१० ग्रॅम. बाहेरच्या खोलीतल्या फडताळावर ठेवला.

गुरुवारी सकाळी सहा वाजता त्यांचा फोन आला. "अगं, रात्री दोनला वाडगा बोलला. टक् असा. मी उठून दिवा लावला तर फाटलेला."

संशयित

संध्याकाळी गेले तेव्हा मामांनी वाडगा वर्तमानपत्रावर मांडून ठेवला होता, शेजारी व्हर्नियर, कॅलिपर आणि वही. पोलिसी पंचनाम्यासारखं. ते म्हणाले, "अंदाज नको. एकेकाला बाद करत जाऊ."

पहिला संशय त्यांचा होता, आणि तो खास टर्नरचा होता. पातळ भिंतीचा बुश (नळीसारखा पोकळ भाग) तीन जबड्यांच्या चकात धरून आतून गोल कातला, की चकात असेपर्यंत तो गोल असतो. जबडे सैल केले की भिंत परत उसळते आणि भोक तीन कोपऱ्यांचं होतं. आपला वाडगाही चकाच्या दाबानं वाकला असेल का? पण चकानं धरली होती ती बुडाची खुंटी, भिंत नव्हे. शिवाय खुंटीजवळ चिरेचा मागमूस नव्हता. चक बाद.

दुसरा, पॉलिश पेपरची उष्णता. घासताना पातळ कड तापते आणि त्या तापानं केसासारख्या चिरा पडतात. पण आम्ही या वाडग्याला पेपर लावलाच नव्हता. बाद.

तिसरा, गर किंवा आधीपासूनची चीर. उरलेला तुकडा कापून पाहिला. गर वाडग्याच्या जागेपासून पंचवीस मिलिमीटर दूर होता, लाकूड स्वच्छ. बाद.

चौथा, पंखा आणि हवा. यात मला तथ्य वाटत होतं. पण जुलैतल्या ८६ टक्के आर्द्रतेत लाकूड वाळून वाळून किती वाळणार? त्या हवेत ते साधारण अठरा टक्के ओलाव्यापाशी थांबतं. हिवाळ्यातल्या कोरड्या दुपारी किंवा एसीच्या खोलीत ५० टक्के आर्द्रतेला तेच लाकूड नऊ टक्क्यांपर्यंत उतरलं असतं. ओल्या वाडग्यासाठी मुंबईचा जुलै खरं तर मऊ हाताचा महिना आहे. हवेला पूर्ण निर्दोष सोडता येत नव्हतं, पण मुख्य आरोपी ती नव्हती.

पाचवा, आंबा. "आंबा तडकतोच," असं मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, आणि आजीच्या काठवटीची आठवण काढली. आमच्या आजीची काठवट इंचभर जाड होती, तिला एका टोकाला चीर गेलेली आणि त्यावर पत्र्याची पट्टी खिळ्यांनी मारलेली. त्या काठवटीत भाकरीचं पीठ मळलेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. मामांनी मान डोलावली, मग थांबले. "पण ती चीर काठाला होती. वरून खाली आलेली. इथे काठ शाबूत आहे."

ते वाक्य या सगळ्या तपासाची किल्ली ठरलं.

मोजमाप

वाडग्यात चार जागा वेगळ्या वागतात. ज्या दिशेनं लाकडाच्या रेषा धावतात त्या व्यासाच्या दोन्ही टोकांना रेषांची टोकं उघडी पडतात. काटकोनातल्या दोन जागी रेषा भिंतीच्या कडेकडेनं जातात. टोकांच्या जागी भिंतीचा घेर रेषांना आडवा जातो, म्हणजे घेराला ताण पडला की लाकूड तिथेच उभं फाटतं. आमचा तडाही टोकाच्याच जागी होता. कडेपासून ४४ मिलिमीटर खाली सुरू झालेला, ३१ मिलिमीटर लांब, केसापासून रुंदावत मधोमध अर्धा मिलिमीटर.

मामांनी पेन्सिलनं वाडग्यावर उभ्या चार आणि आडव्या पाच रेघा काढल्या आणि प्रत्येक छेदावर कॅलिपरनं जाडी घेतली. कडेपासून दहा मिलिमीटर खाली टोकांच्या जागी ३.२ आणि ३.३. काटकोनातल्या जागी २.६ आणि २.६. चाळीस मिलिमीटर खाली सगळीकडे साडेतीनच्या आसपास. पन्नासला ५.८. बुडाजवळ १०.५.

मी वहीत बघत होते. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ही दोन कामं आहेत. एक दुपारचं आणि एक माझं."

दुपारचं काम असं. लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं, पेशींच्या पोकळ्यांत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतलं पाणी जाईपर्यंत लाकूड आकसत नाही. ओलावा साधारण तीस टक्क्यांच्या खाली उतरला की भिंतींतलं पाणी निघायला लागतं आणि आकसणं सुरू होतं. दहा मिलिमीटरची भिंत पंख्याखाली तीन तास उघडी राहिली, तिचा पृष्ठभाग त्या रेषेखाली गेला. त्यात मधलं लाकूड कोरून काढल्यामुळे आतला ताण मोकळा झालेला. वाडगा एक वाजता गोल होता, चारला सव्वा मिलिमीटरनं अंडाकृती झालेला. चारला जी लचक दिसली ती चकाची नव्हती. आम्ही अंडाकृती भांड्याच्या आत गोल भोक कातलं, म्हणून भिंत दोन बाजूंना २.६ आणि दोन बाजूंना ३.२ झाली.

मला वाटलं, सापडलं! पण मामांनीच मला थांबवलं. या असमानपणानं कड फाटायला हवी होती आणि कड तर धड होती. सगळ्यात पातळ जागा, जिची आम्ही चार दिवस काळजी करत होतो, ती टिकली होती.

मग दुसरं काम, जे मामांनी स्वतःचं म्हटलं. वरची साडेतीन मिलिमीटरची भिंत आणि खालचं दहा मिलिमीटरचं बूड यांच्यामध्ये पायरी राहिली होती. पिनांचा ओलावामापक कडेला १९ दाखवत होता. बुडाला तो तीसच्या वर गेला, आणि तीसच्या पुढे त्या यंत्रावर विसंबता येत नाही, म्हणजे बूड अजून ओलं होतं एवढंच नक्की. बुधवार सकाळपर्यंत वजन ३१० वरून २३८ ग्रॅमवर आलेलं, आणि ती घट बहुतेक वरच्या भागातून. पातळ भिंत आकसू पाहत होती, खालचं ओलं जाड लाकूड जागचं हलायला तयार नव्हतं. कड वर मोकळी होती, ती अंडाकृती होऊन आपला ताण काढून टाकू शकली. पायरीपाशीचा पट्टा मात्र खाली बांधलेला, तिथे सुटायला जागाच नव्हती. तो पट्टा जिथे सगळ्यात कमजोर, म्हणजे रेषांच्या टोकांशी, तिथे फाटला.

काठवटीचंही मग उलगडलं. तिची भिंत आणि बूड दोन्ही जाड, पायरी नाही. उन्हाळ्यात काठ बाहेरून वाळायचा, आतलं लाकूड रोजच्या पिठाच्या पाण्यानं ओलं राहायचं, म्हणून चीर काठावरून सुरू झाली. तिथेही चिरेचं कारण ओलं-कोरडं एकमेकांना बांधलेलं असणं हेच होतं, जागा फक्त वेगळी.

मामांना कारण कळायला अवघड गेलं नाही, त्याचं त्यांना वाईट वाटलं. "गरम जॉब मोजायचा नाही, हे मी पोरांना शिकवलंय," ते म्हणाले. लोखंड कातताना तापतं, फुगतं. गरम असताना माप घेतलं तर थंड झाल्यावर ते चुकतं. म्हणून थांबायचं, थंड होऊ द्यायचं, मग मोजायचं. तो संयम त्यांच्या हाडात आहे. ओल्या लाकडात नेमका तोच संयम घात करतो. लोखंड थांबलं की खऱ्या मापावर येतं, ओलं लाकूड थांबलं की मापापासून दूर जातं. शेवटी एकच सलग फिनिशिंग कट घेण्याची सवयही अशीच. लोखंडाचा शाफ्ट मागे जाऊन कातला तरी जागेवर असतो. लाकडाची कड एकदा पातळ झाली की ती वेगळ्याच आकाराची झालेली असते. तिच्यावर परत जायचं नाही.

तीन वाडगे

त्याच फांदीच्या उरलेल्या तुकड्यांतून आम्ही आणखी तीन वाडगे केले, दर वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवून. चार वाडग्यांवरून नियम काढता येत नाही हे मी मुलांना रोज सांगते. तरी जे दिसलं ते स्पष्ट होतं.

दुसऱ्या वाडग्याच्या वेळी आजींची झोप तशीच ठेवली, पण एक वाजता वाडगा ओल्या पंचात गुंडाळून त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधली. चार वाजता कड लचकली नाही. आत कातताना वरचा पंचवीस मिलिमीटरचा पट्टा आधी पूर्ण केला: जाडी, गुळगुळीतपणा, सगळं. मग त्याच्या खालचा पंचवीस, मग बूड. खाली गेल्यावर वर परतायचं नाही. मधूनमधून मी फवाऱ्यानं पाणी मारत होते. वेग नऊशे. या वेगाला कड सेकंदाला दहा मीटरपेक्षा जास्त अंतर कापते, म्हणून चेहऱ्यासमोरची पारदर्शक शील्ड काढायची नाही. शेवटच्या कटाआधी मामांनी पटाशीला नवी धार लावली आणि धारेमागचा उतार लाकडाला जेमतेम टेकेल एवढाच ठेवला. तो दाबला तर पातळ भिंत बाहेर ढकलली जाते, मग परत येते, आणि तीच ती टर्रर्र. भिंत सगळीकडे चार, बूड पाच. २४६ ग्रॅम.

तो त्याच फडताळावर, त्याच पंख्याखाली ठेवला. मी रोज वजन विचारायची, मामा वहीत लिहायचे. नवव्या दिवशी १५८ ग्रॅमवर थांबला. २१९ लांब, २१२ रुंद. एकही चीर नाही. रविवारी मी तो कानाशी धरून नखानं वाजवला. मातीच्या मडक्यासारखा आवाज.

तिसरा मुद्दाम पहिल्यासारखा केला, वर पातळ, खाली जाड, पण वाळवला सावकाश: तपकिरी कागदी पिशवीत कोरड्या ढलप्यांमध्ये. तो फाटला नाही. सावकाश वाळल्यामुळे वरच्या आणि खालच्या ओलाव्यात मोठा फरक पडलाच नाही. पण सहाव्या दिवशी पिशवी उघडली तर आतून करडे-काळे डाग आणि कुबट वास. आंब्याच्या फिकट लाकडाला बुरशी फार लवकर धरते, आणि मुंबईच्या जुलैत बंद पिशवी म्हणजे तिला आमंत्रण. कोरड्या प्रदेशातल्या माणसाला पिशवीचा उपाय चालेल. इथे पावसाळ्यात मी तो सुचवणार नाही. आपल्याकडे भिंत सारखी करून मोकळ्या हवेत वाळवणंच बरं, कारण हवेनंच आधी वेग कमी करून ठेवलेला असतो.

चौथा दोन मिलिमीटरचा करायचा होता. तो लेथवरच गेला. रेषांच्या टोकाजवळ पटाशी रुतली, एक टाळीसारखा आवाज, आणि अर्धा वाडगा भिंतीवर आदळला. माझ्या शील्डवर एक तुकडा येऊन लागला. कोणाला काही झालं नाही. त्या दिवशी पटाशीची धार गेलेली होती आणि ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं, फक्त पाचच मिनिटं राहिली म्हणून लावली नव्हती. पातळ कडेशी बोथट पटाशी घेऊन जाऊ नका. एवढ्या एका बाबतीत मी आग्रहानं सांगेन.

तेलाबद्दल थोडं. दुसऱ्या वाडग्याला आम्ही ऑगस्टमध्ये काहीच लावलं नाही. कच्चं जवसाचं तेल पावसाळ्यात आठवडे चिकट राहतं आणि बुरशीला खाद्य होतं. ऑक्टोबर हीटमध्ये पातळ लाखेचे दोन हात दिले. आणि जवसाचं तेल कधी वापरलंच तर ते पुसलेला बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तो आपोआप तापून पेटू शकतो. दोरीवर सुटा वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

डिसेंबर

दुसऱ्या वाडग्याचं वजन मामांनी पावसाळ्यानंतरही घेत राहावं असं मी म्हटलं होतं. डिसेंबरातल्या एका दुपारी, गॅलरीतला मापक ४८ वर असताना, तो १४६ ग्रॅम भरला आणि रुंदी २१० वर आली. जुलैत थांबलेला वाडगा डिसेंबरात परत हलला होता, आणि लाख असूनही हलला होता. लाखेचा थर ओलाव्याचा वेग कमी करतो, त्याला अडवून धरत नाही. पुढच्या जुलैत तो परत रुंद होईल. भिंत सगळीकडे सारखी असल्यामुळे तो ओढाताण न होता सगळा एकदम श्वास घेतो.

मामांनी पहिल्या, तडकलेल्या वाडग्याच्या बुडावर पेन्सिलनं जाडीचे सगळे आकडे लिहून ठेवलेत आणि तो मला दिला. माझ्याकडे तो पुस्तकांच्या कपाटावर असतो. नववीच्या वर्गात पदार्थाच्या गुणधर्मांचा तास आला की मी तो घेऊन जाते आणि मुलांना आधी फक्त तडा दाखवून विचारते, कुठून सुरू झाला असेल. जवळजवळ सगळी मुलं कडेवर बोट ठेवतात.

गेल्या महिन्यात आजींना हे सगळं कळलं. त्यांनी मामांना निरोप पाठवला की पातळ वाडग्याच्या रविवारी त्या दुपारी लेकीकडे झोपायला जातील. मामांनी त्यांना तसं करू दिलं नाही. ते आता सकाळी फक्त बाहेरचा आकार काढतात, जॉब ओल्या पंचात बांधतात, आणि आतलं कातायला चारला बसतात, ते बूड होईपर्यंत उठत नाहीत. मामी चहा आणून टूल रेस्टजवळ, पटाशी टेकवायच्या आधाराशी, ठेवतात आणि तो गार होतो.